पातळ ऑईलचा हट्ट

मला भांडायला आवडतं असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. आवडतं-बिवडतं काही नाही. समोरचा माणूस चुकीचं बोलायला लागला की मला गप्प बसवत नाही, एवढंच. पण इंजिनच्या ऑईलवरून मी सासऱ्यांशी महिनाभर भांडेन असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मीच त्याला खुळ्यात काढलं असतं.

आमचा दुधाचा ट्रक आहे. आम्ही कळंब्यात राहतो, तलावाच्या अंगाला. पहाटे पाचला गाडी काढायची, गारगोटी रस्त्याला लागायचं, आतल्या सात गावांच्या दूध संस्थांतून कॅन उचलायचे आणि आठच्या आत डेअरीच्या धक्क्यावर गाडी लावायची. रोज. दिवाळी असो नाहीतर घरात लग्न असो, म्हशीला सुट्टी नसते. पूर्वी गाडी मामा चालवायचे. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. त्यांचे गुडघे गेले आणि प्रश्न आला, आता गाडी कोण चालवणार? नवरा फौंड्रीत, त्याची पहिली पाळी, आणि खरं सांगायचं तर त्याला एवढ्या मोठ्या गाडीची भीती वाटते. मी म्हटलं, मी चालवते. लोक हसले. त्याला आता सहा वर्षं झाली. हसले त्यांचंच दूध मी नेते.

गाडी जुनी. डिझेल, सहा चाकी, तोंड लांबडं, रंग तीनदा मारलेला. उन्हाळ्या-पावसाळ्यात तिच्यासारखी गुणी गाडी नाही. पण दिवाळी सरली, तलावावरून गार वारं सुटलं, की पहाटे तिचं नाटक सुरू. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता कण्हायचा. इंजिन अर्धा फेरा घ्यायचं आणि बसायचं. त्यावर मामांचा एक इलाज होता. पहाटे चारला उठायचं, परसात शेणी आणि लाकडं पेटवायची, निखारे पडले की घमेल्यात भरायचे आणि घमेलं गाडीखाली सरकवायचं. इंजिनच्या बुडाला ऑईल साठतं ते चेंबर असतं, बरोबर त्याच्या खाली. मग जवळ पाटावर बसून लोखंडी नळीनं फुकत राहायचं. अर्ध्या तासानं आतलं ऑईल तापून पातळ व्हायचं आणि गाडी चालू व्हायची. तोवर गाडीची किल्ली मामांच्या कोपरीच्या खिशात. निखारे झाल्याशिवाय ती माझ्या हातात पडत नसे.

गेल्याच्या गेल्या थंडीत त्यांना खोकला लागला तो गेलाच नाही. छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि माझ्यासमोर सांगितलं, धूर बंद, पहाटेचं बाहेर बसणं बंद, नाहीतर पुढच्या थंडीत घरात ऑक्सिजनची नळकांडी आणून ठेवा. मामा शहाण्यासारखं हो-हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी चारला परसात शेणी पेटलेल्या.

"मामा, डॉक्टर काय बोलले?"

"ऐकलं की. डागदर काय गाडी चालू करून देणार हाय?"

"मग निखारे मी करते. तुम्ही आत झोपा."

"तुला न्हाय जमायचं. जरा जास्त झालं की चेंबर फुटंल. सात गावांचं दूध दारात बसंल मग, कोण निस्तरणार?"

झालं. म्हणजे गाडी निखाऱ्यावाचून चालू झाली तरच हा माणूस आत झोपणार, नाहीतर नाही. ते वाक्य मी त्या दिवशी मनात पक्कं केलं. गाडी निखाऱ्यावाचून चालू करायची. माझी आई म्हणते तुझ्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायला सुतार बोलवावा लागतो. बसलं.

आधी नवीन बॅटरी घातली. थोडा फरक पडला, पण मामांचं समाधान होईल एवढा नाही. सेल्फ खोलून घेतला, वायरी बदलल्या, अर्थिंग घासून घेतलं. कण्हणं जरा जोरात झालं, बाकी काही नाही. नवरा म्हणाला, "तुझ्या आणि बापाच्या मध्ये मी पडत नाही." जणू मी त्याला बोलावलं होतं.

पुढच्या वर्षीचा कार्तिक निम्मा गेला तेव्हा ऑईल बदलायची पाळी आली म्हणून मी उद्यमनगरात गेले. नेहमीच्या दुकानात माल नव्हता, म्हणून शेजारच्यात शिरले. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ चष्म्याच्या वरून बघत बसलेले. मी सांगितलं, पन्नास नंबरचं ऑईल द्या. आमच्या गाडीत कायम तेच, सगळ्यात जाड.

"गाडी कुठं चालवताय वहिनी? राजस्थानात?"

"कळंब्यात."

"मग थंडीचं पन्नास नंबर कशाला? पहाटे काढत असाल तर सेल्फ बोंबलत असंल की."

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, परत सांगा.

त्यांनी मागच्या फळीवरनं एक डबा काढून माझ्यापुढं ठेवला. त्यावर पंधरा, मग इंग्रजी डब्ल्यू, मग चाळीस. पहिला आकडा थंडीचा, ते म्हणाले. तो जेवढा लहान तेवढं गार इंजिनात ऑईल लवकर पळतं. दुसरा आकडा तापल्यावरचा. म्हणजे हे ऑईल पहाटे पातळ असतं आणि इंजिन तापलं की चाळीस नंबराएवढंच जाड राहतं. "डिझेलचंच बघून घ्यायचं, पेट्रोल गाडीचं न्हाय," तेवढंही बजावलं.

"पण आमचं इंजिन जुनं आहे."

"जुनं म्हणजे ढिलं हाय का? ऑईल पितंय? निळा धूर मारतंय?"

"नाही."

"काम झालंय इंजिनचं?"

दोनदा झालं होतं. एकदा माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, आणि दुसऱ्यांदा पाच वर्षांपूर्वी. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवीन. मी तसं सांगितलं तर म्हातारे हसायला लागले. म्हणाले, इंजिन झिजलेलं असताना कुणीतरी जाड ऑईल चालू केलं असणार, ते त्या वेळेला बरोबरच होतं. मग इंजिन नवं झालं आणि ऑईल जुन्या हिशोबाचंच राहिलं. "पायाचं हाड जुळून वर्षं झाली तरी माणूस कुबडी घेऊन फिरतोय, तसली गत तुमची."

मला आधी हसू आलं आणि मग अंगाचा भडका उडाला. म्हणजे थंडीच्या थंडी तो माणूस चारला उठून धूर गिळत होता तो गाडीपायी नाही, त्याच्या स्वतःच्याच पसंतीच्या ऑईलपायी! मी तो डबा घेतला, फिल्टर घेतला आणि थेट उचगावला गेले. आमच्या इंजिनची दोन्ही कामं ज्यांनी केली ते मिस्त्री तिथं असतात. पांढरी दाढी, हाताला कायम काळं ग्रीस. मामांचे जुने दोस्त, मी त्यांना चाचा म्हणते.

चाचांनी डबा फिरवून बघितला. "चालंल की. चालंल म्हणजे, हेच पाहिजे."

"मग मामांना सांगा तेवढं."

"ना बेटी. पन्नास घाल म्हणून मीच सांगितलेलं त्याला, इंजिन पार गेलं होतं तवा. काम केल्यावर बदल म्हणून सांगायचं राहून गेलं. आणि मग एवढी वर्षं गेली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. चाचांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, ऑईल सोडायच्या ड्रेन नटचा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू बदल. मी येऊन आवाज ऐकीन. पण त्याच्याशी तूच भांड."

भांडले. मामा ताटावर बसलेले, मी डबा ताटासमोरच ठेवला.

"पातळ आईल? खुळी हायस का? इंजान सीझ हुईल!"

"दुकानदार म्हणाले, चाचा म्हणाले."

"दुकानदाराला डबा इकायचा हाय. तुझ्या जल्माच्या आधीपासनं गाडी चालवतोय म्या."

"गाडी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे मामा, उगं काहीतरी बोलू नका."

त्यांनी भाकरी तोडली आणि ताट डब्यापासून लांब ओढलं. त्यांना बोलून पटत नाही, दाखवावं लागतं. म्हणून मी रात्री दोन वाट्या घेतल्या, एकीत त्यांचं पन्नास, दुसरीत माझं, आणि दोन्ही गाडीच्या मडगार्डवर झाकून ठेवल्या. पहाटे ते निखारे फुकत असताना वाट्या आणून त्यांच्यासमोर तिरक्या केल्या. माझं ऑईल भराभर सांडलं. त्यांचं काकवीसारखं काठापर्यंत आलं आणि तिथंच रेंगाळत बसलं. मग वाट्या परत भरून कढत पाण्याच्या परातीत ठेवल्या आणि पुन्हा ओतून दाखवल्या. आता दोन्ही जवळपास सारखीच पळायला लागली.

मामांनी ते नीट बघितलं. बघतात सगळं. मग म्हणाले, "वाटीतलं येगळं आणि इंजानातलं येगळं."

"घालणार म्हणजे घालणार," मी म्हटलं.

"घाल. पर गाडी एक दिस जरी बसली तर परत पन्नास, आणि ह्या घरात परत आईलाचं नाव न्हाय काढायचं."

दुधाची खेप टाकून आले, इंजिन गरम होतं तोवर गाडीखाली शिरले. नट ढिला केला. काळंकुट्ट ऑईल बादलीत पडायला लागलं, ते गरम असूनही संपता संपेना. फिल्टर काढला तर आत नुसता चिखल. नवा बसवला, नट आवळला, ऑईल मोजायच्या पट्टीवरची वरची खूण बघत बघत ऑईल भरलं. मामा खाटेवर गाडीकडं पाठ करून बसले होते, पण मान दर दोन मिनिटांनी वळत होती. इंजिन चालू केलं तसे काठी टेकत कॅबिनपाशी आले आणि प्रेशरचा काटा बघून म्हणाले, "खाली आलाय." आलाच होता थोडा, ऑईल पातळ म्हटल्यावर यायचाच तेवढा. चाचांनी येऊन लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि "आवाज गोड हाय" म्हणून चहा न पिताच पळाले. मामांना तोंड द्यायला नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी गाडीखाली फरशीवर ताटाएवढा काळा डाग.

"बघ," मामा म्हणाले. एवढंच. पण तो एक शब्द त्यांनी दिवसभर पुरवून पुरवून वापरला. मी फोन केला तेव्हा चाचा म्हणाले की जुना चिखल पॅकिंगला लिंपून बसलेला असतो, नव्या ऑईलनं तो सुटतो आणि गळती दिसायला लागते. पॅकिंग बदल आणि महिन्याभरात फिल्टर परत बदल. बदललं पॅकिंग. दुपारभर गाडीखाली उताणी पडून चेंबरचे सगळे बोल्ट काढले आणि सगळे बसवले. माझ्या केसांतला ऑईलचा वास चार दिवस गेला नाही. डाग मात्र थांबला.

पण खरी अडचण वेगळीच होती. मामा निखारे थांबवेनात. ऑईल बदललं तरी चारला उठणं चालूच, घमेलं चालूच. गाडी एका झटक्यात चालू व्हायची आणि ते म्हणायचे, "निखाऱ्यानं झाली." मी म्हणायचे, "ऑईलनं झाली." आता कुणाचं खरं ते कसं कळणार? किल्ली त्यांच्या खिशात. चोरून काढावी असं एकदा मनात आलं. पण चोरून गाडी चालू करून काय उपयोग? त्यांनी स्वतः उभं राहून बघितल्याशिवाय ते झोपणार नव्हते. आणि खोकला वाढत चालला होता. भिंतीपलीकडून ती शिट्टी ऐकत मी पडून राहायचे.

मग ती कडाक्याची थंडी आली. तलावावर धुकं एवढं की पलीकडची कळंब्याच्या जेलची भिंत दिसेना. पहाटे मला खोकल्यानंच जाग आली. परसात जाऊन बघते तर मामा शेणींच्या धुरात पाटावर बसलेले, एक हात छातीवर, आणि खोकल्यामधून श्वासच घेता येईना. डोळे बाहेर आलेले. तशातही दुसऱ्या हातात ती नळी. मी त्यांना धरून धुराच्या बाहेर ओढलं, पाठ चोळली, डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप आणून तोंडाला लावला. श्वास जरा खाली आला तसे ते परत नळी शोधायला लागले.

माझं डोकं सटकलं. न्हाणीतली पाण्याची भरली बादली उचलली आणि त्या आगीवर ओतली. सगळीच्या सगळी.

"काय केलंस हे! गाडी कशी निघायची आता?"

"किल्ली द्या."

"न्हाय निघायची. सात गावांचं..."

"किल्ली द्या मामा. नाही चालू झाली तर तुमचं पन्नास नंबर माझ्या हातानं परत घालते आणि जन्मात तोंड उघडत नाही. पण आज निखारे नाहीत. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

त्यांनी किल्ली दिली.

कॅबिनमध्ये चढले. सीट बर्फासारखी. खरं सांगते, किल्ली फिरवायच्या आधी मी अंबाबाईला हाक मारली, जोतिबाला मारली, आणि उद्यमनगरातल्या त्या म्हाताऱ्यालाही मारली. मग फिरवली. सेल्फ कण्हला नाही. इंजिन एक फेरा फिरलं, दुसरा फिरलं, तिसऱ्याला पकडलं. पांढरा धूर भसकन आला आणि विरळ होत गेला. प्रेशरचा काटा वर चढून थांबला.

महिनाभर मी एक वाक्य तोंडात घोळवून ठेवलं होतं, ते टाकायला खाली वाकून बघितलं. मामा बोनेटपाशी उभे होते, एक तळवा पत्र्यावर टेकलेला. कितीतरी वेळ ते इंजिनचं ऐकत होते.

"आईलानंच झालं व्हय?"

"ऑईलनंच."

"निखाऱ्याबिगार."

"निखाऱ्याबिगार, मामा."

ते गाडीच्या पायरीवर बसले. "तू ह्या घरात यायच्या आधी निखारं म्या फुकत नव्हतो," ते म्हणाले. "ती फुकायची. माझी मंडळी. म्या वर किल्ली धरून बसायचो आणि ती खाली. मरूस्तोवर फुकलं तिनं."

सासूबाईंना मी फक्त फोटोत बघितलंय. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी त्या छातीच्या दुखण्यानं गेल्या. चुलीच्या धुरानं गेल्या असंच घरात सगळे म्हणतात, आणि मलाही तेवढंच माहीत होतं.

"इंजान तवा बी नवं बांधलेलंच व्हतं," मामा म्हणाले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्येच आईल तवा घातलं असतं तर गं?"

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं. ह्यावरही होतं. त्या दुकानदारानंच मला सांगितलेलं, "हे ऑईल मी दुकानात बसल्यापासून विकतोय, तीस वर्षं झाली, कुणी ऐकतच न्हाय." आणि कुणाला बरं वाटावं म्हणून मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. त्यासाठी शिव्या खाल्ल्यात, नाती तोडलीत.

"तवा कुठलं मामा," मी म्हटलं. "हे ऑईल आता आता निघालंय."

"आता निघालंय?"

"व्हय."

"नक्की?"

"दुकानदारच म्हणाला की. पूर्वी असलं मिळतच नव्हतं."

त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. डोळेही पुसले, लपवलं नाही. "मग काय इलाज नव्हता," ते म्हणाले. "जा तू. दूध तटलंय, गावं वाट बघत असत्याल."

"आधी आत जाऊन झोपा. तुम्ही झोपल्याशिवाय गाडी हलत नाही."

काठी टेकत ते आत गेले. दिवा मालवला. मग मी गिअर टाकला, आणि गारगोटी रस्त्याला लागेपर्यंत मोठमोठ्यानं रडले.